ड्वेन मॅकडफी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि एका फॅनची मनापासून उत्तरं

मी कोणालाही मॅकडफीबद्दल सांगायला लागले की समोरून साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. मोठं झालंय, पण हा माणूस दोन ओळीत उरकण्यासारखा नाहीच. आणि मी त्याला अरेतुरेच करणार आहे, आवडत्या माणसाला आपण करतोच.

ड्वेन मॅकडफी नक्की कोण?

अमेरिकन लेखक, आधी कॉमिक्सचा आणि नंतर टीव्हीवरच्या ॲनिमेशनचा. जन्म २० फेब्रुवारी १९६२ चा, डेट्रॉइटमधला. माइलस्टोन नावाच्या कॉमिक्स कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टॅटिक हा हिरो जन्माला घालणाऱ्यांपैकी एक, 'जस्टिस लीग अनलिमिटेड'चा लेखक आणि प्रोड्युसर, आणि बेन टेन मोठा झाल्यानंतरच्या ज्या सिरीज आल्या त्यांचाही. २१ फेब्रुवारी २०११ ला गेला, एकोणपन्नासावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

मी कॉमिक्स वाचत नाही, तरी त्याचं काही पाहिलेलं असेल का?

बहुतेक हो. 'बेन टेन: एलियन फोर्स' किंवा 'जस्टिस लीग' पाहिलं असेल तर त्याचं लिखाण तुमच्या कानावरून गेलंय, फक्त नावाच्या पट्ट्या आपण लहानपणी कुठे वाचत होतो.

फिजिक्स शिकलेला माणूस इकडे कसा आला?

हा प्रश्न मलाही खूप आवडतो. मिशिगन युनिव्हर्सिटीमधून त्याने इंग्लिशमध्ये बीए केलं आणि फिजिक्समध्ये मास्टर्स, दोन्ही. मग न्यूयॉर्कला फिल्मचं शिक्षण घ्यायला गेला, एका बिझनेस मॅगझिनमध्ये कॉपी एडिटर म्हणून काम केलं आणि तिथून मार्व्हलमध्ये, म्हणजे स्पायडर-मॅनवाल्या कॉमिक्स कंपनीत, असिस्टंट एडिटर झाला. पण खरी सुरुवात त्याआधीची आहे. अकरा वर्षांचा असताना त्याच्या हातात ब्लॅक पँथरच्या गोष्टी पडल्या, डॉन मॅकग्रेगर लिहायचा त्या, १९७३ च्या सुमाराच्या. त्यात वाकांडा नावाचं अख्खं राज्य होतं आणि राजा, शत्रू, सैनिक, शहाणे, मूर्ख, प्रेमात पडलेले असे सगळेच्या सगळे लोक कृष्णवर्णीय होते. तोपर्यंत त्याने वाचलेल्या कॉमिक्समध्ये स्वतःसारखे लोक जवळजवळ दिसतच नव्हते आणि इथे पंधराएक पानांत एकदम दुनियाच भरलेली. हे त्याने स्वतः नंतर लिहून ठेवलंय. माझ्या मते त्याचं पुढचं सगळं काम या एका अनुभवातून आलं. एक हिरो दिसून भागत नाही, सगळे दिसले पाहिजेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली परत परत येणार आहे.

मार्व्हलमध्ये त्याने काय केलं?

'डॅमेज कंट्रोल'. कल्पना अशी की सुपरहिरो मारामारी करून बिल्डिंगा पाडून उडून जातात, मग तो राडारोडा उचलतो कोण, इन्शुरन्सचे फॉर्म कोण भरतो, पुलाची दुरुस्ती कोण करतो? तर त्यासाठी एक कंपनी आहे, तिथे अकाउंट्सवाले आहेत, सुपरवायझर आहेत, वैतागलेला स्टाफ आहे. चित्रकार एर्नी कोलोनबरोबर त्याने हे बनवलं, पहिली स्वतंत्र मालिका १९८९ ची. २०१७ च्या 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' मध्ये जे डॅमेज कंट्रोल खातं दिसतं ना, सगळा भंगार माल ताब्यात घेणारं, त्याचं मूळ हेच. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची नजर पहिल्यापासून उडणाऱ्या माणसापेक्षा खाली उभ्या असलेल्या माणसांवर होती. नंतर ग्रेगरी राइटबरोबर त्याने 'डेथलॉक' पण लिहिला, एक शांतताप्रिय प्रोग्रामर ज्याचा मेंदू खून करायला बनवलेल्या यंत्राच्या शरीरात बसवलेला आहे आणि तो त्या कॉम्प्युटरला सांगतो की कोणाला मारायचं नाही.

ते स्केटबोर्डवालं पत्र काय प्रकरण आहे?

१९८९ ची गोष्ट. त्या काळात मार्व्हलकडे कृष्णवर्णीय हिरो बोटावर मोजण्याइतके आणि त्यातले पुन्हा काही स्केटबोर्डवर फिरणारे. मॅकडफीने ऑफिसमध्ये रीतसर प्रपोजल दिलं, नव्या सिरीजचं, नाव 'टीनएज नीग्रो निन्जा थ्रॅशर्स', चार हिरो आणि चौघांकडे स्केटबोर्ड. वाचताना हसू येतं, पण त्यात मांडलेला मुद्दा अगदी सरळ आहे: तुम्ही एकच साचा काढलाय आणि त्यातूनच सगळे ब्लॅक हिरो काढताय. आरडाओरड केली नाही, राजीनामा आपटला नाही, त्यांच्याच ऑफिसच्या भाषेत कागदावर लिहून दिलं.

माइलस्टोन म्हणजे काय आणि लोक त्याबद्दल एवढं का बोलतात?

आता इथे थोडं निवांत बसा.

मॅकडफी, डेनिस कोवन, मायकल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या चौघांनी मिळून माइलस्टोन मीडिया काढली आणि १९९३ पासून त्यांची कॉमिक्स यायला लागली. छापणं आणि वितरण डीसीकडे, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या कंपनीकडे, पण पात्रांची मालकी माइलस्टोनकडे. यातली मालकी ही गोष्ट फार मोठी होती, कारण तोपर्यंत या धंद्यात लेखक चित्रकारांनी पात्रं बनवायची आणि ती कंपनीची व्हायची हेच चालत आलेलं.

पहिल्या चार सिरीज: हार्डवेअर, ब्लड सिंडिकेट, आयकॉन, स्टॅटिक. सगळे डकोटा नावाच्या काल्पनिक शहरातले. आणि एकदम चार का, याचं उत्तर मॅकडफीने स्वतः दिलेलं आहे. त्याचं म्हणणं असं की गोष्टीत एकच ब्लॅक पात्र असलं की त्याने काहीही केलं तरी ते अख्ख्या समाजाचं वागणं समजलं जातं. सुपरमॅन म्हणजे सगळे गोरे लोक असं कोणी मानत नाही, त्याचा शत्रू लेक्स लुथर म्हणजे सगळे गोरे लोक असंही कोणी मानत नाही. मग आमच्या एका पात्रावर एवढं ओझं का? म्हणून एकच पुस्तक काढून चालणार नव्हतं, भरपूर माणसं हवी होती, एकमेकांशी न पटणारी.

आणि खरंच पटत नाही त्यांचं! हार्डवेअर संतापलेला इंजिनियर आहे, आयकॉन श्रीमंत, परंपरावादी, रिपब्लिकन विचारांचा वकील, रॉकेट गरीब वस्तीतली हुशार मुलगी, ब्लड सिंडिकेटवाले तर चक्क गँगमधले लोक. शहरात गँग्सची मोठी लढाई होते, पोलीस अश्रुधूर सोडतात, त्या धुरात प्रयोगातलं रसायन मिसळलेलं असतं, त्यात कित्येक लोक मरतात आणि जे वाचतात त्यातल्या बऱ्याच जणांना शक्ती मिळतात. या घटनेला बिग बँग म्हणतात. म्हणजे शक्ती मिळण्याचं कारणसुद्धा कुठून आकाशातून पडलेलं नाही, सत्तेने लोकांवर केलेल्या प्रयोगातून आलंय.

कॉमिक्स १९९७ मध्ये बंद झाली. चारच वर्षं चाललं, पण त्या चार वर्षांत जेवढ्या तऱ्हेची माणसं एका शहरात आली तेवढी मला त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये सापडलेली नाहीत.

हार्डवेअर आधी वाचू की आयकॉन?

दोन्ही वाचा, पण पहिला हार्डवेअरचा पहिला अंक, आणि त्यातली सुरुवातीची पानं हळू वाचा. कर्टिस मेटकाफ, म्हणजेच हार्डवेअर, लहानपणीच्या पोपटाची आठवण सांगतो. पक्षी पिंजऱ्यातून निसटतो, खोलीभर उडतो आणि बंद खिडकीच्या काचेवर जाऊन आदळतो. पिंजऱ्याबाहेर आलो म्हणजे मोकळे झालो असं त्याला वाटलं होतं. बस्स, एवढंच. मग कळतं की कर्टिस स्वतः एका मोठ्या उद्योगपतीच्या कंपनीत आहे, त्या माणसाने त्याला शिकवलं, नोकरी दिली, त्याच्या शोधांवर करोडो कमावले, आणि कर्टिसने नफ्यात वाटा मागितला तेव्हा त्याला साफ सांगितलं की तू घरचा नाहीस, नोकर आहेस. काच दिसते तुम्हाला? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागे जाऊन पोपटाचं पान परत काढलं होतं.

आयकॉनची मजा वेगळी. १८३९ मध्ये एका परग्रहवासीयाचं यान अमेरिकेच्या दक्षिणेत कोसळतं आणि त्याला जी पहिली बाई भेटते तिच्यासारखं रूप तो घेतो. ती बाई कापसाच्या शेतात राबणारी गुलाम असते, त्यामुळे हा बाळ होऊन गुलामांतच जन्मल्यासारखा वाढतो आणि मग दीडशे वर्षं जगतो. १९९३ मध्ये तो ऑगस्टस फ्रीमन नावाचा बडा वकील आहे, मोठ्या बंगल्यात एकटा राहतो, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. काही पोरं चोरी करायला घुसतात आणि त्यातली रकेल त्याला उडताना बघते. दुसरी कोणी असती तर पळून गेली असती, ही नंतर परत येते, हिरोच्या ड्रेसचं डिझाईन घेऊन येते आणि त्याला सांगते की तुझ्याकडे एवढं आहे तर तू बसून का आहेस. ती पुढे रॉकेट होते. आणि हे दोघं हिरो म्हणून पहिल्यांदा मदतीला जातात तेव्हा पोलीस यांच्यावरच बंदुका रोखतात, आणि रकेलच्या मनात येतं की सुपरमॅनला हे सोसावं लागत नसणार.

पुढे रकेल प्रेग्नंट आहे हे कळतं. टीनएजर मुलगी, साइडकिक म्हणजे हिरोची मदतनीस, आणि प्रेग्नंट. मॅकडफीने त्यावर भाषण दिलं नाही, तिला वेळ दिला, तिचा निर्णय तिला घेऊ दिला. माझ्या मते पुस्तकाचं नाव आयकॉन असलं तरी गोष्ट रकेलची आहे.

स्टॅटिक त्याने एकट्याने बनवला का?

नाही, आणि हे नीट सांगितलं पाहिजे. माइलस्टोनच्या संस्थापकांनी मिळून कल्पना उभी केली, सुरुवातीचे अंक मॅकडफी आणि रॉबर्ट वॉशिंग्टन तिसरा यांनी लिहिले आणि चित्रं जॉन पॉल लिऑनची. श्रेय वाटून घेणाऱ्या माणसाचे फॅन म्हणवून घ्यायचं आणि सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर टाकायचं हे बरं दिसत नाही.

स्टॅटिक म्हणजे व्हर्जिल हॉकिन्स, शाळेत जाणारा मुलगा, विजेची शक्ती, तोंड सतत चालू. त्याचं नाव खऱ्या माणसावरून ठेवलंय. व्हर्जिल डी. हॉकिन्स या माणसाने १९४९ मध्ये फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये अर्ज केला होता आणि कृष्णवर्णीय म्हणून त्याला प्रवेश नाकारला, पुढे वर्षानुवर्षं त्याने कोर्टात लढा दिला. कॉमिक वाचणाऱ्या पोराला हे माहीत असायची गरज नाही, पण ज्या दिवशी कळतं त्या दिवशी त्या नावाकडे बघायची नजर बदलते.

टीव्हीवरचा 'स्टॅटिक शॉक' आणि 'जिमी' एपिसोड?

सिरीज सप्टेंबर २००० ते मे २००४, चार सीझन, ५२ एपिसोड. व्हर्जिलला आवाज फिल लामारचा. मॅकडफी सुरुवातीला ही सिरीज चालवत नव्हता, पण त्याने बरेच एपिसोड लिहिले आणि 'जिमी'साठी त्याला आणि ॲलन बर्नेटला २००३ चं ह्युमॅनिटास प्राइझ मिळालं.

त्यात कोणी सुपरव्हिलन महत्त्वाचा नाही. जिमी नावाचा एक शांत मुलगा आहे, शाळेत त्याला काही पोरं रोज छळतात, घरात वडिलांची बंदूक आहे. एक दिवस तो ती घेऊन येतो. आणि विजेची शक्ती असलेला मित्र तिथेच असून झटापटीत गोळी सुटते आणि व्हर्जिलचा जिवलग मित्र रिची याच्या पायाला लागते. मुलांच्या कार्टूनमध्ये हे दाखवलं! व्हर्जिल नंतर मुलांच्या ग्रुपमध्ये बसून हे सगळं सांगतोय अशी मांडणी आहे, त्यामुळे आपल्याला पूर्ण वेळ माहीत असतं की काहीतरी वाईट झालंय आणि आपण फक्त वाट बघत बसतो. घरातल्या लहानांना दाखवणार असाल तर शेजारी बसून दाखवा, नंतर बोलावं लागतं.

'जस्टिस लीग'मध्ये त्याने काय वेगळं केलं?

'जस्टिस लीग' आणि 'जस्टिस लीग अनलिमिटेड' मिळून ९१ एपिसोड आहेत आणि त्यातल्या ६९ मध्ये लेखक, स्टोरी एडिटर किंवा प्रोड्युसर म्हणून त्याचा हात आहे. अनलिमिटेडमध्ये सात हिरोंची टीम एकदम पन्नासच्या वर जाते, आणि बघा, पुन्हा तेच, भरपूर माणसं आणि एकमेकांशी न पटणारी. कॅडमस या सरकारी गुप्त प्रकल्पाची जी मोठी गोष्ट आहे त्यात सरकारातली अमांडा वॉलर म्हणते की या शक्तिमान लोकांनी उद्या डोकं फिरवलं तर आम्ही काय करायचं? हा प्रश्न चुकीचा नाहीच. तिला खलनायक ठरवून विषय संपवता आला असता. त्याऐवजी बॅटमॅन, ग्रीन ॲरो, क्वेश्चन हे हिरो स्वतःच त्या प्रश्नाने अस्वस्थ होतात.

आणि मग 'एपिलॉग'. २००५. कथा ब्रूस टिम आणि त्याची, पटकथा त्याची. हा एपिसोड मी किती वेळा पाहिलाय मोजलं नाही.

एस नावाची लहान मुलगी, जिला लहानपणापासून शस्त्र म्हणून वाढवलंय, तिच्या मेंदूतला आजार आता तिला मारणार आहे आणि मरताना तिच्या शक्तीने आजूबाजूचे सगळे मरू शकतात. वॉलर बॅटमॅनला एक यंत्र देते, त्याने तिला आधीच संपवायचं. तो आत जातो. एस झोपाळ्यावर बसलेली आहे, उजाड जागा, कोणी नाही. ती मन वाचू शकते, त्यामुळे तिला माहीत आहे की तो ते यंत्र वापरणार नाहीये. तो यंत्र टाकून देतो. ती सांगते माझं बालपण यांनी हिरावून घेतलं. मग ती विचारते की मी लवकरच मरणार ना, आणि तो खोटं बोलत नाही, हो म्हणतो. ती म्हणते मला भीती वाटतेय, थांबशील का माझ्यापाशी. आणि बॅटमॅन, तो केप आणि ते कान असलेला एवढा मोठा माणूस, शेजारच्या छोट्या झोपाळ्यावर बसतो आणि तिचा हात धरतो.

एवढंच घडतं. एकही ठोसा नाही. ज्या मुलाचं स्वतःचं बालपण आईवडिलांच्या खुनाबरोबर एका गल्लीत संपलं होतं तो दुसऱ्या मुलाजवळ बसून राहतो. बॅटमॅन कोण आहे हे मला मोठमोठ्या सिनेमांपेक्षा त्या झोपाळ्यावर जास्त कळलं.

सुपरमॅनचं ते पुठ्ठ्याचं भाषण त्याचंच का?

हो, 'डिस्ट्रॉयर', २००६, सिरीजचा शेवटचा एपिसोड. सुपरमॅन डार्कसाइड या महाबलाढ्य खलनायकाला सांगतो की मला हे जग पुठ्ठ्याचं असल्यासारखं वाटतं, काही मोडू नये, कोणी मरू नये म्हणून सतत जपून वागावं लागतं, पण तू सोसू शकतोस म्हणून आज पूर्ण ताकद लावता येईल. लोक हे भाषण त्यानंतरच्या ठोशासाठी लावतात. मी त्यातल्या जपून वागण्यासाठी लावते.

बेन टेन त्याने बिघडवला असं काही जण म्हणतात…

मला पटत नाही. मूळ बेन टेन बनवला मॅन ऑफ ॲक्शन या ग्रुपने, तो दहा वर्षांच्या मुलाच्या सुट्टीतला धिंगाणा होता आणि तो मस्तच होता. 'एलियन फोर्स' २००८ ला आलं, बेन पंधरा वर्षांचा झालेला, आणि पंधरा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्यासारखा वागत नाही. रंग गडद झाले, जोक कमी झाले हे खरं आहे, ज्यांना ते खटकलं त्यांचंही चुकत नाही. पण केव्हिन बघा ना. पहिल्या सिरीजमधला पक्का दुष्ट पोरगा इथे चोरीच्या एलियन मालाचा धंदा करताना भेटतो, त्याच्या सौद्यापायी एक चांगला माणूस जिवाला मुकतो, आणि ते मनाला लागून तो यांच्याबरोबर येतो. चांगला होतो पण गुळगुळीत होत नाही, कुरकुरत होतो. पुढे 'अल्टिमेट एलियन'मध्ये सगळ्यांना वाचवायच्या नादात केव्हिनचाच ताबा सुटतो, बेनला वाटतं आता त्याला संपवावंच लागेल, बेनची बहीण ग्वेन आडवी उभी राहते. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मॅकडफी असाच लिहितो.

त्याचं सगळंच चांगलं आहे का?

नाही. डीसीसाठी त्याने २००७ ते २००९ मध्ये 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका' लिहिलं ते तुकड्या तुकड्यात वाटतं, मध्येच दुसऱ्या पुस्तकांच्या मोठ्या घडामोडी घुसतात, पात्रं काढून घेतली जातात, गोष्ट रुळावर येते तोवर परत ब्रेक. पडद्यामागे काय चाललंय हे वाचकांनी विचारलं की तो मोकळेपणाने सांगायचा, आणि शेवटी त्याला त्या पुस्तकावरून काढलं. त्याच सुमाराचं 'फँटॅस्टिक फोर' मात्र जरूर वाचा, त्यात काही काळ ब्लॅक पँथर आणि स्टॉर्म टीममध्ये येतात आणि सगळ्यांची नोकझोक फार गोड आहे.

तो टीव्ही सिरीयल्सबद्दलचा लेख त्याचाच ना?

त्याचाच, २००२ चा. 'सेंट एल्सव्हेअर' ही हॉस्पिटलवरची सिरीयल १९८८ मध्ये संपली तेव्हा शेवटी असं सूचित केलं की हे सगळं टॉमी नावाच्या मुलाच्या कल्पनेत घडलं. मॅकडफी म्हणाला ठीक आहे, मग यातली पात्रं ज्या ज्या सिरीयलमध्ये गेली त्याही टॉमीच्याच कल्पनेत, आणि त्यांच्याशी जोडलेल्या इतर पण, असं करत करत अर्धा अमेरिकन टीव्ही एका मुलाच्या डोक्यात गेला. त्याला म्हणायचं होतं की प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रत्येक गोष्टीशी जुळलीच पाहिजे हा हट्ट धरला तर शेवटी असंच होतं, तेव्हा समोरची गोष्ट चांगली आहे का ते आधी बघा. कंटिन्युइटीवरून भांडण सुरू झालं की मला हा लेख आठवतो.

शेवटचं काम कोणतं?

हृदयाच्या तातडीच्या ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीत तो गेला. दुसऱ्या दिवशी, २२ फेब्रुवारी २०११ ला, त्याने पटकथा लिहिलेली 'ऑल-स्टार सुपरमॅन' डिस्कवर आली. मूळ कॉमिक ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटलीचं. त्यात सुपरमॅनला कळतं की आपल्याकडे थोडेच दिवस राहिलेत आणि तो एकेक राहिलेलं काम उरकत जातो. मी तो सिनेमा अजून एका बैठकीत पूर्ण करू शकलेले नाही, मध्ये थांबतेच. 'जस्टिस लीग: डूम' २०१२ मध्ये आलं, तेही त्याचंच लिखाण.

त्याच्यानंतर माइलस्टोनचं काय झालं?

रॉकेट आणि आयकॉन 'यंग जस्टिस' या ॲनिमेटेड सिरीजमध्ये आले, पुढे स्टॅटिकही आला. २०२१ मध्ये कॉमिक्स नव्याने सुरू झाली, डेनिस कोवन आणि डेरेक डिंगल त्यात होते, बरोबर रेजिनाल्ड हडलिन. कॉमिक्समधल्या विविधतेसाठी त्याच्या नावाने २०१५ मध्ये पुरस्कारही सुरू झाला.

ठीक आहे, पटलं. आज रात्री एकच काहीतरी बघायचं तर?

'एपिलॉग'च सांगितलं असतं, पण तो आधीचे एपिसोड पाहून मग बघा, नाहीतर वॉलर आणि एस दोघीही अनोळखी वाटतील. आज 'जिमी' बघा, वीसबावीस मिनिटांचा आहे, आधीचं काही माहीत असायची गरज नाही. वाचायचं असेल तर हार्डवेअरचा पहिला अंक. आणि पोपटाचं पान आलं की घाई करू नका.